शिकण्याचा वारंगुळा

माणसाला एखादी गोष्ट येत नसेल, तर दुसऱ्या माणसाची मदत दोन तऱ्हांनी होऊ शकते. दुसऱ्याने ते काम करून द्यावे, ही एक तऱ्हा. दुसऱ्याने ते काम शिकवावे आणि स्वतःला जे येत नाही ते बदल्यात शिकून घ्यावे, ही दुसरी. पहिल्या तऱ्हेत अडचण टळते, पण उणीव तशीच राहते. दुसरीला वेळ लागतो आणि थोडा संकोच गिळावा लागतो, मात्र काही महिन्यांनी दोघांचीही एकेक उणीव कमी झालेली असते. लिहिता-वाचता न येणे, हिशेबात गोंधळणे, चारचौघांत बोलताना घसा कोरडा पडणे, मोबाइलची धास्ती वाटणे, व्यसनाला पुन्हा पुन्हा बळी पडणे अशा कितीतरी वैयक्तिक उणिवा या दुसऱ्या तऱ्हेने दूर झालेल्या आहेत, आणि त्याची उत्तम उदाहरणे मराठी मुलखातच सापडतात.

पहिल्या तऱ्हेची परंपरा इथे फार जुनी आहे. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्याने दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशी सावड करायची, दोन बैलांची जोडी जमवायची आणि आळीपाळीने दोघांची राने नांगरायची. मराठवाड्यात खुरपणीला, काढणीला बायका वारंगुळा करतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. मोठे काम असले की इर्जिक घालतात, गाव बैलजोड्यांसह एका शेतात उतरते आणि शेतमालक सगळ्यांना जेवू घालतो. पैसा हाती नसलेल्या समाजाने उभी केलेली ही पक्की व्यवस्था होती. तिच्यात एक गोष्ट ठरलेली असे: घेतलेले श्रम फेडायचे. फुकट मदत घेणाऱ्याची मान खाली जाते आणि फेडणाऱ्याची ताठ राहते, हे त्यामागचे शहाणपण होते. पण सावड संपली तरी बैल एकटा तो एकटाच. पुढच्या हंगामात पुन्हा जोडीदार शोधावा लागे. श्रमांच्या देवघेवीत उणीव भागते. ती भरून निघायची तर देवघेव शिकण्याची व्हावी लागते.

हा फरक आज कुठल्याही बाजारगावात दिसतो. लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातले, छत्रपती संभाजीनगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे असेच एक गाव. भोवतालच्या खेड्यांतला शेतमाल इथल्या बाजार समितीत येतो, आणि मालाबरोबर निरनिराळ्या वयांची, निरनिराळ्या शिक्षणाची माणसे येतात. अशा गावांतल्या शेतकरी घरांना १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी चांगलीच परिचयाची आहे. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर खाते क्रमांक, गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र भरायचे, पिकाचा फोटो काढायचा. ज्या वडीलधाऱ्याने आयुष्यभर ते रान कसले त्याला ॲप उघडता येत नाही. ज्या मुलाला ॲप डोळे झाकून येते त्याला कोणत्या गटात किती आर तूर आंतरपीक आहे हे ठाऊक नसते. बहुतेक घरांत मुलगा फोन हातात घेतो, वडील आकडे सांगतात, पाच मिनिटांत काम होते. पुढच्या हंगामात दोघे पुन्हा तिथेच. ही सावड झाली. फोन वडिलांच्या हातात राहिला, मुलाने शेजारी उभे राहून फक्त सांगितले, आणि मग बांधाबांधाने फिरताना वडिलांनी त्याला शीव, गट आणि पिकाची अवस्था ओळखायला लावली, तर त्याच कामाला तास लागेल. पण तो तास वाया गेला असे म्हणता येणार नाही.

शिकवणाऱ्याला यात काय मिळते, हा प्रश्न कुणीही विचारील. उत्तर असे की, शिकवताना तोही शिकतो. जी गोष्ट आपल्याला येते असे वाटते ती दुसऱ्याला सांगायला लागले की मधल्या गाळलेल्या पायऱ्या लक्षात येतात. ऐकणारा ‘असे का?’ म्हणतो आणि सांगणारा थबकतो. मजकूर दुसऱ्याला शिकवायचा आहे या तयारीने अभ्यासणारा तो अधिक नीट लावून घेतो आणि अधिक लक्षात ठेवतो, असे मानसशास्त्राच्या प्रयोगांत वेळोवेळी दिसले आहे. शिकणाऱ्याच्या बाजूनेही नुकतेच शिकलेल्या सोबत्याकडून शिकणे पुष्कळदा सोपे जाते, कारण जिथे आपण अडखळलो होतो ती जागा त्या सोबत्याला अजून आठवत असते. निष्णात माणूस ती केव्हाच विसरलेला असतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) याने मांडले होते की, माणूस एकट्याने जे करू शकतो आणि थोड्या अधिक जाणत्या सोबत्याच्या मदतीने जे करू शकतो, यांच्यामध्ये एक पट्टा असतो. खरे शिकणे त्या पट्ट्यात घडते. सोबती फार पुढचा असला तर त्याचा हात पोचत नाही, अगदी बरोबरीचा असला तर ओढ लागत नाही.

मुलांनी मुलांना शिकवायची रीत भारतीय गावशाळांना नवी नव्हती. एकटा पंतोजी आणि निरनिराळ्या वयांची मुले असली की मोठ्यांनी लहानांची अक्षरे गिरवून घ्यायची, हे ओघानेच आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमातील शाळेचा प्रमुख अँड्र्यू बेल याने देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले. आपल्या शाळेतल्या शिक्षकांना ही पद्धत पसंत पडेना, तेव्हा त्याने शाळेतल्याच एका मुलाला खालच्या वर्गावर नेमले. १७९७ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये या प्रयोगाचा अहवाल छापला आणि ‘मद्रास पद्धत’ तिकडच्या हजारो गरीब मुलांच्या शाळांत पोचली. तिचा दोष मात्र लवकरच उघड झाला. पुढे गेलेला मुलगा कायम सांगणारा आणि मागे राहिलेला कायम ऐकणारा, अशी ती उतरंड होती. स्वस्तात शाळा चालवायला ती सोयीची होती, पण देवघेव तिच्यात नव्हती.

हा दोष काढून टाकणारी रचना पावणेदोनशे वर्षांनी अमेरिकेत झाली. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गात तेढ होती. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मुलांचे पाच-सहा जणांचे मिश्र गट केले आणि धड्याचे तितकेच तुकडे पाडले. प्रत्येक मुलाला एकच तुकडा मिळे. तोच तुकडा मिळालेली इतर गटांतली मुले आधी एकत्र बसून तो पक्का करत, मग आपापल्या गटात परतून बाकीच्यांना शिकवत. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर आणि ज्याची त्याला द्यायची. त्यामुळे बुजणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या मुलाचे म्हणणेही इतरांना लक्ष देऊन ऐकावे लागे. त्याचा तुकडा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. अशा वर्गांत तेढ कमी झाली आणि मागे पडलेल्या मुलांचा आत्मविश्वास व गुण दोन्ही वाढले. परस्परांकडून शिकण्याच्या कुठल्याही रचनेची कसोटी या प्रयोगात सापडते: प्रत्येकाजवळ देण्याजोगे काही हवे, आणि शेवटी प्रत्येकाला सगळे यायला हवे.

मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकांना ही रचना शेतीशाळेच्या रूपाने भेटली आहे. शेतीशाळेची कल्पना १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील किडींच्या संदर्भात, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने सुरू झाली. महाराष्ट्रात कृषी विभागाने आणि पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने ती गावोगावी नेली. एका यजमान शेतकऱ्याचे रान हाच वर्ग. पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक अंतराने शेतकरी तिथे जमतात, चार-पाच जणांचे गट करतात, ठरलेली झाडे तपासतात, शत्रूकिडी आणि मित्रकिडी मोजतात, मोठ्या कागदावर झाडाचे आणि किडींचे चित्र काढतात आणि फवारणी करायची की थांबायचे हे कारणांसह इतर गटांपुढे मांडतात.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातला कापूस पोखरला, तेव्हा या शाळांचे मोल विशेष कळले. ही अळी बोंडाच्या आत राहते. वरून झाड हिरवेगार दिसते, म्हणून एकट्याने पाहणाऱ्याला ती उशिरा समजते. जुन्या शेतकऱ्याची नजर डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उमललेले आवळलेले फूल, लांबूनही पकडते. तरुण शेतकऱ्याला कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग मोजून नोंद ठेवणे जमते. एकाला ‘वीस हिरवी बोंडे फोडून बघायची, दोनांत अळी निघाली तर नुकसानीची पातळी ओलांडली’ हा हिशेब नवा असतो, तर दुसऱ्याला बोंड कुठले तोडायचे हेच कळत नाही. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, ही कापूसपट्ट्यातली सर्वांत महागडी सवय. ती तज्ज्ञाच्या भाषणाने सुटत नाही. आपल्यासारख्याच कोरडवाहू शेतकऱ्याने बोंड फोडून दाखवले आणि ‘अजून थांब’ म्हटले की विश्वास बसतो. सादरीकरण दर वेळी गटातल्या वेगळ्या माणसाने करायचे, ही शेतीशाळेची पद्धत वरवर किरकोळ वाटते, पण बोलायला बुजणाऱ्यांसाठी तीच सगळ्यात मोलाची आहे. शाळा चालवणाऱ्या कृषी कर्मचाऱ्याने ती सैल सोडली की दोन-तीन बोलके शेतकरी पूर्ण शाळा व्यापून टाकतात.

हाच धोका बचत गटांतही असतो. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने गावोगाव गट बांधले. दहा ते वीस बायका नियमित बैठक घेतात, नियमित बचत करतात, आपसांत कर्ज देतात, वेळेवर परतफेड करतात आणि नोंदी ठेवतात. गटात बसणाऱ्या बायकांच्या उणिवा सहसा एकसारख्या नसतात. निरक्षर सासूला कुणाचे किती देणे राहिले हे तोंडपाठ असते, कुणाला कर्ज दिले तर परत येईल याची तिची पारख चुकत नाही, बँकेच्या अधिकाऱ्यापुढे उभी राहायला ती बिचकत नाही. दहावी-बारावी झालेल्या सुनेला हजेरी, बचत, कर्ज, व्याज सगळे वहीत लिहिता येते, पण बैठकीत तिचा आवाज निघत नाही. सोयीचे म्हणून सुनेने वही सांभाळायची आणि सासूने बँकेत बोलायचे अशी कामाची वाटणी झाली, तर गट सुरळीत चालेल, मात्र दोघी होत्या तिथेच राहतील. सासूने आपल्या नावासमोर अंगठ्याऐवजी सही करायची, मग आपलीच रांग वाचायची, मग वर्षभरात एका बैठकीचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवायचा; आणि सुनेने त्याच काळात एकदा तरी एकटीने बँकेत जाऊन गटाचे म्हणणे मांडायचे. ज्या गटांनी पदे फिरती ठेवली आणि हिशेब सर्वांसमोर वाचायचा नेम पाळला, त्यांतल्या बायका पुढे ग्रामपंचायतीतही बोलू लागल्या. ‘उमेद’ने जुन्या गटांतल्या अनुभवी बायकांना वर्धिनी म्हणून दुसऱ्या गावी काही दिवस मुक्कामी पाठवण्याची रीत घातली. परक्या गावात जाऊन अनोळखी बायकांना गट म्हणजे काय हे समजावणे, हे त्या वर्धिनींसाठी स्वतःचेच मोठे शिक्षण ठरले.

या वाटेवर मराठवाड्यातल्या बायका आधीच चालून गेल्या होत्या, त्याही फार कठीण काळात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे अवजड ओझे, अशी घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. काही गावे नव्याने वसवली गेली. त्यांहून कितीतरी अधिक गावांत उभी राहिलेली घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने शासनाने तिथे गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले. त्यांतल्या पुष्कळ जणी तोवर उंबऱ्याबाहेरच्या कामात पडलेल्या नव्हत्या. अभियंत्याला भूकंपरोधक बांधकाम कळत होते, पण कोणत्या घरात कोण राहते, कुणाचा हप्ता कुठे अडकला, माळवदाची माती काढायला लोक का तयार नाहीत, हे कळत नव्हते. बायकांना ते सगळे माहीत होते. त्यांना भिंतीतला सांधणारा लांब दगड, कोपऱ्याची बांधणी, छताखालचा पट्टा यांची माहिती नव्हती. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून शिकून घेतले. एका गावातल्या बायका दुसऱ्या गावी जाऊन दुरुस्तीची घरे पाहत, चुका दाखवत, आपल्या गावी परतून त्या सांगत.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. गुजराती त्यांना येत नव्हती. पण घर पडल्यानंतर पहिल्या महिन्यात काय होते, मदतीच्या याद्यांतून बायकांची नावे कशी गळतात, गवंड्याकडून काम कसे करून घ्यायचे, हे त्या स्वतः भोगून शिकल्या होत्या. २००४ च्या त्सुनामीनंतर हा अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत गेला. किल्लारीच्या भूकंपाआधी घराबाहेर बोलायला संकोचणाऱ्या बायकांच्या आयुष्यात असे वळण येणे ही मराठवाड्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे, आणि ती जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

दोन अगदी वेगळ्या माणसांची जोडी किती दूर जाऊ शकते हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात दिसले. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावातले देवाजी तोफा यांना जंगल आणि गावाचे मन वाचता येत होते. बाहेरून आलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांना कायद्याची कागदपत्रे वाचता येत होती. दोघांनी आणि गावकऱ्यांनी मिळून अभ्यासगट चालवला. अभ्यासगटात चर्चा करायची, माहिती मिळवायची, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेईल, असा नियम होता. कार्यकर्ता कितीही जाणता असला तरी त्याने ठरवायचे नाही, या एका बंधनामुळे गावकऱ्यांना स्वतः समजून घेणे भागच पडले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ मध्ये ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला.

व्यसनाच्या बाबतीत भागीदारीचे स्वरूप उलटे असते. तिथे दोघांची उणीव एकच असते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअर दलाल बिल विल्सन आणि शस्त्रक्रियातज्ज्ञ डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची भेट झाली. दोघेही दारूने खचलेले. दुसऱ्या दारुड्याशी बोलत राहिलो तर आपली स्वतःची दारू लांब राहते, हे विल्सनला उमगले होते. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची चळवळ उभी राहिली. तिच्या सभा महाराष्ट्रातही मराठीतून भरतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा, आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर आलेली माणसे पुढे इतरांना सावरायला उभी राहतात. व्यसन हा आजार आहे आणि त्याला डॉक्टरी उपचार लागतात, यात शंका नाही. पण ‘मलाही संध्याकाळी सहा वाजता असेच व्हायचे’ हे वाक्य डॉक्टरपेक्षा सोबत्याच्या तोंडून अधिक पटते. जुना सभासद नव्याचा हात धरतो तो फक्त दयेपोटी नव्हे. नव्याची अवस्था पाहून त्याला स्वतःची घसरण विसरता येत नाही.

अशी भागीदारी कुणाशी करावी याचे काही ठोकताळे या अनुभवांतून हाती लागतात. जवळच्या नात्यात ती अवघड जाते. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवणे किंवा बापाने मुलाला गणित शिकवणे बहुधा आवाज चढण्यात संपते, कारण तिथे जुने हिशेब मध्ये येतात. शेजारीण, गटातली मैत्रीण, शेजारच्या गावचा शेतकरी हे अंतर बरे. उणीव नेमकी सांगता यायला हवी. ‘माझे इंग्रजी कच्चे आहे’ असे म्हटले तर सोबत्याला कुठून सुरुवात करावी कळत नाही. ‘खताच्या पोत्यावरचे घटक वाचता येत नाहीत’ असे म्हटले की काम सुरू होते. देवघेव समान मोलाची असायलाच हवी असे नाही, पण दोन्ही बाजूंनी काही तरी वाहत राहिले पाहिजे. एकाच बाजूने शिकवणी चालली तर घेणाऱ्याला ओशाळे वाटू लागते आणि तो हळूहळू येणे टाळतो. खेड्यात याला जातीचा, वयाचा आणि मानाचा पदरही असतो. पाटलाच्या घरातल्या माणसाने कालपर्यंतच्या सालगड्याच्या मुलाकडून मोबाइल शिकणे सोपे नाही, आणि त्या मुलाने चूक दाखवणे तर त्याहून अवघड. शेतीशाळेतली किंवा बचत गटातली ठरलेली चौकट इथे कामाला येते: पाळी आली म्हणून बोलायचे आहे, मान-अपमानाचा प्रश्न येत नाही.

चुका उघड होण्याची भीती हा सगळ्यात मोठा अडसर. म्हणून गटात ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, असा नियम व्यसनमुक्तीच्या सभांत काटेकोरपणे पाळला जातो. बचत गटांत तो पाळला जातोच असे नाही, आणि ‘तिला तर अजून सहीसुद्धा येत नाही’ हे वाक्य पाणवठ्यावर पोचले की ती बाई वही हातात घेणे सोडते.

किती काळ चालवायचे, हेही आधी ठरलेले बरे. व्यसनमुक्तीच्या सोबतीला मुदत नसते; ती आयुष्यभर चालू शकते. वर्धिनीचा मुक्काम ठरल्या दिवशी संपतो आणि नव्या गटाला स्वतःच्या पायावर बैठक चालवावी लागते. शेतीशाळा पिकाबरोबर संपते. तिच्या अखेरीस शेतीदिन भरतो. त्या दिवशी शाळेत न आलेले शेतकरी यजमानाच्या रानात येतात, आणि सापळा कसा लावायचा, बोंड कुठले फोडायचे, फवारणी का टाळली, हे त्यांना शाळेतले शेतकरीच सांगतात.